शहर बससेवा आखताना : नव्या परिवहन समितीसाठी कामांची क्रमवारी

महापालिकेत निवडून आल्यावर किंवा परिवहन विभागात बदली झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच एक फाइल टेबलावर येते. विषय असतो ‘शहरासाठी बस खरेदीबाबत’. आत बसचा आकडा असतो, अंदाजित किंमत असते, कधी कधी तर रंगही ठरलेला असतो. बस कुठून कुठे आणि दर किती मिनिटांनी धावणार, याचा मात्र पत्ता नसतो. मी मध्यम आकाराच्या एका शहराच्या परिवहन विभागात काम केलं आहे आणि अशा बऱ्याच फाइली हाताखालून गेल्या आहेत. माझा सल्ला एकच : फाइल शेवटाकडून वाचायला घ्या. आधी दर किती मिनिटांनी बस हवी ते ठरवा, त्यावरून मार्ग, मार्गांवरून खर्च आणि खर्चावरून बसची संख्या. रंगाचं शेवटी बघू.

हा लेख साधारण ३ ते १५ लाख वस्तीच्या शहरांसाठी आहे. मुंबई-पुण्याची गणितं वेगळी आहेत, पण त्यांच्याकडून काय घ्यावं आणि काय टाळावं हे ओघात येईलच.

आधी हे कागद गोळा करा

पहिल्या बैठकीच्या आधी एवढं तरी हाताशी हवं :

- शहराचा मंजूर विकास आराखडा, त्यातली बस आगार आणि बसस्थानकासाठीची आरक्षणं, आणि त्या जागांची आजची प्रत्यक्ष स्थिती (आरक्षण असतं, जागेवर गॅरेज असतं)
- याआधी बससेवा चालली असेल तर तिची जुनी वेळापत्रकं आणि मार्गनिहाय उत्पन्न
- आरटीओकडून परवानाधारक रिक्षांची संख्या आणि अधिकृत रिक्षाथांब्यांची यादी
- एसटी शहराच्या हद्दीत आणि भोवतालच्या गावांत ज्या फेऱ्या करते त्यांची यादी
- शाळा-महाविद्यालयांच्या वेळा, एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या पाळ्या, सिव्हिल हॉस्पिटलच्या ओपीडीची वेळ, आठवडी बाजाराचे वार
- महापालिकेचं मागच्या तीन वर्षांचं अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष जमा-खर्च
- महावितरणकडून संभाव्य आगारांच्या जागी किती वीजभार मिळू शकतो याचं पत्र

शेवटचा कागद सगळे विसरतात आणि इलेक्ट्रिक बस येऊन उभ्या राहिल्यावर तोच आठवतो.

१. बस कोण चालवणार, ते आधी ठरवा

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ नुसार परिवहन सेवा हे महापालिकेचं ऐच्छिक काम आहे. पाणी किंवा कचरा यांसारखं ते बंधनकारक नाही. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांच्या कामांमध्ये बसथांबे आहेत, पण शहर बससेवा असा वेगळा उल्लेख नाही. म्हणजे थांबा बांधणं तुमचं काम, त्यापुढे बस येणं ही तुमची मर्जी. पैशाची ओढाताण झाली की पहिली कात्री बससेवेला का लागते, ते इथे कळतं.

आपल्याकडे चार तऱ्हा दिसतात. एक, महापालिकेचा स्वतःचा उपक्रम : कोल्हापूरची केएमटी १९६२ पासून अशी चालते. दोन, वेगळी कंपनी : पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे दोन जुने उपक्रम एकत्र करून २००७ मध्ये पीएमपीएमएल झाली, तिच्यात पुण्याचा वाटा ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के. नाशिकमध्ये आधी एसटी शहर बस चालवायची, जुलै २०२१ पासून महापालिकेच्या कंपनीमार्फत सिटीलिंक धावते. तीन, एसटीवर सोपवणं, जसं सांगली-मिरजेत वर्षानुवर्षं चालत आलं. चार, मिश्र मांडणी : छत्रपती संभाजीनगरला २०१९ च्या सुरुवातीपासून बस स्मार्ट सिटी कंपनीच्या आणि चालक-वाहक एसटीचे, अशी व्यवस्था होती. २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप झाला तेव्हा शहरातल्या बसही थांबल्या.

मध्यम शहराला मला कंपनीचा मार्ग बरा वाटतो. कारण साधं आहे : बससेवेचे पैसे वेगळ्या खात्यात राहतात आणि तूट नेमकी किती हे लपत नाही. पण कंपनी काढून तिचा व्यवस्थापकीय संचालक म्हणून आधीच पाच खाती सांभाळणाऱ्या उपायुक्तालाच नेमायचं असेल, तर कंपनी न काढलेली बरी. पूर्णवेळ एक वाहतूक नियोजक, एक लेखाधिकारी आणि वेळापत्रक करणारी दोन माणसं, एवढी आस्थापना पहिल्याच ठरावात मंजूर करून घ्या. नंतर ती होत नाही.

भाडं तुम्ही परस्पर ठरवू शकत नाही हेही लक्षात ठेवा. टप्पा वाहतुकीचा (थांब्याथांब्यावर प्रवासी चढवत-उतरवत जाण्याचा) परवाना आणि भाड्याला मंजुरी प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडून घ्यावी लागते, जिल्ह्यात त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्या बैठका दर महिन्याला होतीलच असं नाही. उद्घाटनाची तारीख जाहीर करण्याआधी या बैठकीची तारीख विचारा.

२. शहर कसं फिरतं, ते मोजा

सल्लागार नेमायचा तर नेमा, पण त्याचा अहवाल येईपर्यंत हात बांधून बसू नका. शहराची अर्धी नाडी शेअर रिक्षा आणि वडाप सांगतात. ज्या रस्त्यावर सहा आसनी भरभरून धावते, त्या रस्त्याला बस हवी आहे. तिथल्या प्रवाशाने रोजच्या रोज रोख पैसे मोजून ते सिद्ध केलेलं असतं.

दहा-बारा मुख्य चौक निवडा. महाविद्यालयातल्या मुलांना मानधन देऊन एका कामाच्या दिवशी सकाळी ६ ते रात्री ९ पर्यंत बसवा. प्रत्येक दिशेने जाणाऱ्या शेअर रिक्षा, एसटी, कंपन्यांच्या बस आणि त्यातली अंदाजे माणसं, दर अर्ध्या तासाला नोंदवा. एक आठवडी बाजाराचा दिवसही घ्या. हे काम कमी पैशांत होतं आणि हाती येणारं चित्र खरं असतं.

जोडीला २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेर काम करणाऱ्यांचं घर ते कामाच्या ठिकाणचं अंतर आणि प्रवासाचं साधन नोंदवलेलं आहे. ती आकडेवारी जुनी झाली, पण तुमच्या जिल्ह्याच्या शहरी भागात किती माणसं चालत किंवा सायकलने कामाला जात होती, हे पाहिलं की डोळे उघडतात. हीच माणसं आज दुचाकीचे हप्ते फेडत आहेत.

सर्वेक्षणात बायकांशी वेगळं बोला. ‘कामावर कसे जाता?’ हा प्रश्न पुरत नाही. मुलाला शाळेत सोडणं, तिथून भाजी मंडई, मग दवाखाना, अशा तुकड्या-तुकड्यांच्या प्रवासाला सरळ मार्गाची बस उपयोगी पडत नाही आणि दर टप्प्याला नवं तिकीट परवडत नाही. दिवसभराचा पास स्वस्त का असावा, याचं उत्तर या गप्पांत मिळतं.

३. मार्ग कमी, फेऱ्या जास्त

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण सेवा जगते किंवा मरते ती इथे.

उदाहरण घेऊ. एका मार्गाची लांबी १० किलोमीटर. एका बाजूला ४० मिनिटं लागतात, दोन्ही टोकांना ५-५ मिनिटं थांबा. म्हणजे एक पूर्ण चक्कर ९० मिनिटांची. दर १५ मिनिटांनी बस हवी तर ९० भागिले १५, म्हणजे ६ बस. दर १० मिनिटांनी हवी तर ९ बस. सूत्र एवढंच आहे. ते परिवहन समितीच्या प्रत्येक सदस्याला तोंडपाठ हवं.

आता समजा शहराकडे ६० बस आहेत. दहा टक्के, म्हणजे ६ बस, देखभालीसाठी राखीव ठेवा. रस्त्यावर राहिल्या ५४. महासभेत प्रत्येक नगरसेवक आपल्या प्रभागात बस मागणार, आणि ती मागणी चूक नाही. सगळ्यांचं ऐकून २७ मार्ग केले तर प्रत्येकाच्या वाट्याला २ बस येतात, म्हणजे दर ४५ मिनिटांनी एक बस. त्यातली एक बिघडली की दीड तासाने. अशा बसची वाट कोणी पाहत नाही, माणूस रिक्षाला हात करतो. वर्षभराने ‘प्रवासीच नाहीत’ असा अहवाल येतो आणि सेवा गुंडाळली जाते.

त्याच ५४ बस ६ मार्गांवर लावल्या तर प्रत्येक मार्गावर ९ बस, दर १० मिनिटांनी एक. इथे प्रवासी वेळापत्रक न बघता थांब्यावर येतो. पण अर्धं शहर वाऱ्यावर राहतं.

व्यवहारात मधला रस्ता काढावा लागतो : ४ मुख्य मार्ग, प्रत्येकी ९ बस, दर १० मिनिटांनी; आणि उरलेल्या १८ बस ६ दुय्यम मार्गांवर, प्रत्येकी ३, दर अर्ध्या तासाने. दुय्यम मार्ग मुख्य मार्गांना चौकाचौकात भेटले पाहिजेत आणि बस बदलल्यावर नवं किमान भाडं लागता कामा नये. महासभेत हा प्रस्ताव नेताना मार्गांची यादी घेऊन जाऊ नका, तिच्यावरून भांडणंच होतात. नकाशा घेऊन जा, ज्यावर मुख्य मार्गापासून ५०० मीटरच्या आत कोणत्या प्रभागातली किती वस्ती येते हे दाखवलेलं असेल. आपला प्रभाग नकाशात रंगलेला दिसला की अर्धा विरोध मावळतो. उरलेल्या अर्ध्यासाठी आयुक्त लागतात.

बस किती असाव्यात यासाठी केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाच्या सेवा मानकांत वरची श्रेणी दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बसची आहे. म्हणजे ५ लाखांच्या शहराला ३०० बस. तेवढ्या तुमच्याकडे येणार नाहीत, हे मनात धरूनच वरची विभागणी करायची.

नेहमीचे सापळे :

- मार्ग गोल फिरवणं. नकाशावर छान दिसतं; प्रत्यक्षात जाताना १० मिनिटं आणि येताना ५० मिनिटं लागतात.
- प्रत्येक मार्ग स्टेशन किंवा जुन्या बसस्थानकाला नेऊन टेकवणं. मध्यवर्ती चौकात बसचीच कोंडी होते आणि पलीकडे जाणाऱ्याला उगाच उतरावं लागतं. शक्य तिथे बस मध्यातून आरपार न्या.
- एखाद्या नगराच्या कमानीपर्यंत बस आत न्यावी म्हणून मार्गाला वळसा. आत राहणाऱ्या वीस जणांची सोय होते आणि बसमधल्या चाळीस जणांची ८ मिनिटं जातात.

४. वेळापत्रक खुर्चीत बसून करू नका

गूगलवरच्या वेळा मोटारीच्या असतात. बस थांबते, माणसं चढतात, वाहक घंटी देतो, पुन्हा निघते. मार्गावर खरी बस किंवा निदान टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन प्रत्येक थांब्यावर अर्धा मिनिट थांबत जा. सकाळी ७, ९, दुपारी १, संध्याकाळी ६ आणि रात्री ८, प्रत्येक वेळेचं टिपण वेगळं.

वरच्या उदाहरणात सकाळी ६ ते रात्री ९ या १५ तासांत एका बसच्या १० चकरा होतात, म्हणजे २०० किलोमीटर. आता कोंडीमुळे एका बाजूला ४० ऐवजी ५० मिनिटं लागू लागली तर चक्कर ११० मिनिटांची होते, दिवसात पूर्ण चकरा ८ च होतात आणि बस १६० किलोमीटरवर येते. दर १० मिनिटांचा शब्द पाळायचा तर ९ ऐवजी ११ बस लागतात. रस्त्यावर वाचवलेली दहा मिनिटं म्हणजे प्रत्येक मुख्य मार्गावर २ बस फुकट. बसमार्गावरची पार्किंग हटवण्याचा विषय महासभेत आला की हे गणित मांडा.

१५ तासांच्या सेवेला दोन पाळ्या लागतात. साप्ताहिक सुट्टी आणि रजा धरून एका बसमागे अडीच ते पावणेतीन चालक धरा. दोनच धरले की पहिल्या लग्नसराईत फेऱ्या रद्द होतात. बदलीच्या जागी स्वच्छतागृह आणि पाणी हवं. हे लिहायची वेळ यायला नको होती, पण येते.

५. तूट आधीच लिहून काढा

शहर बस भाड्यावर नफ्यात चालत नाही. ‘दोन वर्षांत स्वयंपूर्ण होईल’ असं कोणी सादरीकरणात लिहिलं असेल तर त्याला खाली बसवा.

हिशेब मांडायची रीत पाहा. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घाला. ५४ बस, रोज २०० किलोमीटर, म्हणजे रोजचे १०,८०० किलोमीटर. ठेकेदाराचा दर किलोमीटरला ६० रुपये धरू. वाहक, तिकीट यंत्रं, नियंत्रण कक्ष, आगाराची देखभाल यांचे आणखी १५. खर्च ७५ रुपये. तिकीट, पास, जाहिराती मिळून उत्पन्न ३५ रुपये. तूट किलोमीटरला ४० रुपये, दिवसाला ४ लाख ३२ हजार, वर्षाला सुमारे १५.७७ कोटी.

केंद्राची पीएम ई-बस सेवा योजना इथे कामी येते. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत १०,००० इलेक्ट्रिक बस आहेत, आणि केंद्र बस चालवण्यासाठी १० वर्षं मदत देतं : १२ मीटरच्या बसला किलोमीटरमागे २४ रुपये, ९ मीटरला २२ आणि ७ मीटरला २०. वरच्या उदाहरणात ९ मीटरच्या बस असतील तर तूट ४० वरून १८ रुपयांवर येते, वर्षाला सुमारे ७.१० कोटी. पण १० वर्षांनी ही मदत संपते आणि बसही तेव्हा म्हाताऱ्या झालेल्या असतात. अकराव्या वर्षाची तरतूद कुठून होणार, हे आजच टिपणीत लिहा. ती टिपणी वाचणारा तेव्हा दुसराच कोणी असेल, म्हणूनच लिहा.

पैसे वेगळे ठेवण्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष आणि बँकेत एस्क्रो खातं (ज्यातले पैसे ठरलेल्या कामासाठीच काढता येतात असं) उघडा. पार्किंग शुल्क, थांब्यांवरच्या जाहिराती, आगाराच्या जागेवरचे गाळे यांचं उत्पन्न थेट तिथे जमा होऊ द्या. जाहिरातींचा आकडा मात्र निम्माच धरा. दरवर्षी तो फुगवून लिहिला जातो आणि मार्चमध्ये टाचणी लागते.

सवलतींबाबत एक नियम घालून घ्या : महासभेने जी सवलत दिली, तिची रक्कम त्याच ठरावात परिवहनला दिली पाहिजे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्याची प्रतिपूर्ती एसटीला शासनाकडून होते. शहर बसला ती आपोआप लागू होत नाही, हे काउंटरवर भांडणाऱ्यांना आणि आश्वासन देणाऱ्यांना दोघांनाही आधीच सांगून ठेवा.

भाडं वर्षानुवर्षं गोठवू नका आणि एकदम दुप्पटही करू नका. बेस्टने जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ५ रुपयांवर आणलं, प्रवासी लगेच वाढले. ते भाडं तसंच राहिलं आणि मे २०२५ मध्ये किमान १० रुपये करावं लागलं. दरवर्षी इंधन आणि वेतनाच्या निर्देशांकावर रुपया-दोन रुपयांनी वाढ, हे सूत्र सुरुवातीलाच प्राधिकरणाकडून मंजूर करून घेता आलं तर पुढची आंदोलनं वाचतात.

६. करार वाचा, विशेषतः मागची पानं

आता बहुतेक ठिकाणी बस ठेकेदाराच्या, भाडं महापालिकेचं आणि ठेकेदाराला किलोमीटरप्रमाणे पैसे, अशी पद्धत आहे. प्रवाशाच्या दृष्टीने ती चांगली, कारण रिकाम्या वेळची फेरी ठेकेदार गाळत नाही. तिचा दोषही तिच्यातच आहे : ठेकेदाराला फक्त किलोमीटर हवे असतात. थांब्यावर हात केलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी थांबण्यात त्याचा फायदा नाही. म्हणून थांबा चुकवणं, उशिरा सुटणं, वेळेआधी सुटणं (उशिरापेक्षा हे वाईट, कारण मागची बस येईपर्यंत माणूस ताटकळतो), अस्वच्छता, बंद एसी यांचे दंड जीपीएस नोंदीवरून आपोआप कापले जातील अशी तरतूद हवी.

खात्रीच्या किलोमीटरचं कलम नीट बघा. तुम्ही रोज २०० किलोमीटरची हमी दिली आणि कोंडीमुळे बस १६० च धावली, तर न धावलेल्या किलोमीटरचेही काही पैसे द्यावे लागतात. चौथ्या पायरीतली वेळेची टिपणं इथे खिशातले पैसे वाचवतात.

वाहकांचा ठेका वेगळा देण्याची पद्धत आहे. तिथे वेतन थकलं की सेवा थांबते : नाशिकला सिटीलिंकच्या वाहकांनी थकीत वेतनावरून अनेकदा काम बंद केलं, आणि मुंबईत ऑगस्ट २०२३ मध्ये बेस्टच्या भाडेतत्त्वावरच्या बसच्या कंत्राटी कामगारांचा संप झाला. करारात लिहा की कामगारांच्या बँक खात्यात वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी जमा झाल्याचा पुरावा आल्याशिवाय पुढचं बिल निघणार नाही. आणि मग आपली बिलंही वेळेवर काढा. महापालिका तीन-तीन महिने पैसे थकवते म्हणून चांगले ठेकेदार निविदेतच येत नाहीत, किंवा दर चढवून येतात. ही भीती घालवायलाच केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये ई-बससाठी देयक सुरक्षा योजना मंजूर केली.

तिकिटांची आणि जीपीएसची सगळी नोंद महापालिकेच्या मालकीची राहील, ठेका संपल्यावरही, हे एक वाक्य करारात असतंच असं नाही. नसेल तर घाला.

७. आगार

जागा गावाबाहेर स्वस्त मिळते. पण आगार मार्गापासून ८ किलोमीटर लांब असेल तर जाऊन-येऊन १६ रिकामे किलोमीटर. ५४ बसचे रोज ८६४. किलोमीटरला ६० रुपयांनी वर्षाला सुमारे १.८९ कोटी. दहा वर्षांच्या या खर्चात शहरातली जागा परवडली असती का, ते बघा. दोन छोटी आगारं शहराच्या दोन टोकांना असणं सगळ्यात चांगलं.

इलेक्ट्रिक बस असतील तर उच्चदाबाची वीजजोडणी हेच सगळ्यात लांबणारं काम आहे. उपकेंद्रापासून केबल टाकायला रस्ता खोदावा लागतो आणि तो खोदायची परवानगी तुमच्याच बांधकाम विभागाकडून घ्यावी लागते. बसच्या निविदेआधी महावितरणकडे अर्ज गेला पाहिजे. पावसाळ्यात आगारात पाणी साचतं का, हे जुलैमध्ये जाऊन बघा. मार्चमध्ये सगळ्या जागा कोरड्याच असतात.

८. थांबे आणि रस्ता

थांबे साधारण ४०० ते ५०० मीटरवर. चौकात थांबा द्यायचा तर चौक ओलांडल्यावर द्या, म्हणजे सिग्नलला थांबलेली बस पुन्हा थांब्याला अडत नाही आणि तिच्यामुळे डावं वळणही बंद होत नाही.

जाहिरातीच्या ठेकेदाराला थांबे बांधायला दिले की फलक जिथे ठळक दिसतो तिथे शेड उभी राहते आणि प्रवासी पन्नास मीटर पुढे झाडाखाली उभे असतात. जागा वाहतूक नियोजकाने ठरवायची, मग निविदा. शेडपेक्षा आधी सपाट पदपथ, दिवा आणि मार्ग क्रमांकाचा फलक. रात्री अंधार असलेल्या थांब्यावर बाई उभी राहत नाही, मग बस कितीही वेळेवर येवो.

बसच्या तळाची उंची ४००, ६५० की ९०० मिलिमीटर, हा प्रश्न तांत्रिक वाटतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला विचारा. ४०० ची बस घ्यायची तर मार्गावरचे बेकायदा गतिरोधक आधी काढावे लागतील, नाहीतर बस खालून घासते आणि दोष बसला लागतो.

स्वतंत्र बसमार्गिकेचा मोह मध्यम शहराने जपून करावा. पुण्यात २००६ मध्ये बीआरटीचा, म्हणजे अशा राखीव मार्गिकांवरच्या बससेवेचा, प्रायोगिक मार्ग सुरू झाला आणि पुढे नगर रस्त्यावरचा मार्ग उखडावाही लागला. तुमच्या शहरात बस जिथे खरोखर अडकते अशी चार-पाचच ठिकाणं असतील : मंडईचा कोपरा, रेल्वे फाटक, कॉलेजसमोरचा रस्ता. तेवढी सोडवा, वाहतूक शाखेच्या निरीक्षकाला सोबत घेऊन.

९. तिकीट, माहिती आणि रिक्षावाले

तिकीट यंत्रावर यूपीआय पहिल्या दिवसापासून हवं, सुट्ट्यांची भांडणं निम्मी होतात. मार्ग क्रमांक मोठा, पाटी मराठीत, मुख्य ठिकाणांची नावं थोडी. थांब्यांची आणि वेळांची माहिती ठरलेल्या प्रमाणित स्वरूपात खुली करा, म्हणजे लोकांच्या फोनमधल्या नकाशात बस दिसते. स्वतःचं ॲप बनवण्यावर पैसे नंतर घाला.

शेअर रिक्षांवर कारवाईने सुरुवात करू नका. मुख्य मार्गावर बस दर १० मिनिटांनी येऊ लागली की त्यांचा धंदा तसाही हलतो. संघटनांशी बोलून बसमार्गाच्या टोकांना आणि मोठ्या थांब्यांजवळ अधिकृत रिक्षाथांबे द्या. गल्लीतून थांब्यापर्यंत माणूस आणायचं काम बसला कधीच जमणार नाही, ते त्यांना जमतं.

१०. सुरुवात आणि पहिले सहा महिने

सगळे मार्ग एका दिवशी उघडू नका. दोन मुख्य मार्ग निवडा आणि तिथे पूर्ण ताकदीने, दर १० मिनिटांनी सुरू करा. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, पास काढायची सवय तेव्हाच लागते. त्या आधी आठ दिवस बस रस्त्यावर दिसली पाहिजे. आचारसंहितेच्या तारखा तपासा, नाहीतर नव्या कोऱ्या बस उद्घाटनाची वाट बघत आगारात धूळ खातात.

समितीच्या बैठकीत दर महिन्याला हेच पाच आकडे मागा, मार्गवार :

- ठरलेल्या फेऱ्यांपैकी किती झाल्या
- पहिल्या थांब्यावरून किती फेऱ्या वेळेवर सुटल्या
- दर १०,००० किलोमीटरमागे किती वेळा बस रस्त्यात बंद पडली
- किलोमीटरमागे उत्पन्न आणि खर्च
- तक्रारी, आणि त्यातल्या किती निकाली

पहिला आकडा ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर बाकीच्यांवर चर्चा करून उपयोग नाही. ज्या बसचा भरवसा नाही तिच्या उत्पन्नाची चिंता कसली करायची?

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कोणीतरी म्हणेल की अमुक मार्गाला उत्पन्न नाही, फेऱ्या कमी करा. फेऱ्या कमी केल्या की उत्पन्न आणखी घटतं आणि पुन्हा तीच मागणी येते. त्याऐवजी या क्रमाने जा : आधी फेऱ्यांच्या वेळा बदला (पाळी सुटल्यावर दहा मिनिटांनी येणारी बस रिकामीच जाणार), मग मार्गाचं टोक अर्धा-पाऊण किलोमीटर हलवून बघा, मग बस लहान लावा. हे सगळं करून सहा महिने झाले आणि तरीही बस रिकामी धावत असेल, तर ती उचलून मुख्य मार्गावर घाला, आणि त्या प्रभागाच्या नगरसेवकाला ठरावाच्या आधी स्वतः भेटून सांगा.